भिंत वाळेपर्यंत

९ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी यांस अनेक आशीर्वाद,

सहा वर्षांनी पत्र, आणि तेही कामापुरतं, म्हणून रागावू नका. आधी फोनच लावला होता. तुमचा जुना नंबर आता कुठल्याशा शाळेच्या ऑफिसात लागतो. तिथल्या बाईंनी दोनदा शांतपणे ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा विचारलं, मूल कितवीत घालायचंय? शेवटी वर्षारंभाला तुमचं जे कोरडं कार्ड येतं, त्याच्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला.

विचारायचं ते गॅरेजबद्दल. गाडी विकून दोन वर्षं झाली. बसडेपोतून निवृत्त झाल्यापासून तुमचे दादा तिथेच शिलाई मशिनं दुरुस्त करत बसतात. सध्या अकरा आहेत, चालायला वाट नाही. पंधरा फूट बाय दहा फुटांची जागा, सिमेंटच्या ब्लॉकच्या एकेरी भिंती, आतून नुसता गिलावा, पुढे लोखंडी शटर. गेल्या हिवाळ्यात मशिनचं तेल इतकं घट्ट झालं की हे डबी खिशात घालून हिंडायचे, अंगाच्या उबेने पातळ व्हावं म्हणून. बोटं आखडतात ती वेगळीच.

कोटाला असतं तसं भिंतींना आतून अस्तर लावून घ्यावं असं माझ्या मनात आहे. तुम्ही त्याला इन्सुलेशन म्हणता, तेच. त्याला योग्य ऋतू कोणता? आत्ता लावलं तर चालेल का? यंदाचा हिवाळा ह्यांना उबेत काढता यावा, एवढंच माझं मागणं आहे. यंदाचा तरी.

मी लिहिलंय हे ह्यांना ठाऊक नाही. उत्तर माझ्या नावाने टाका. पोस्टमन येतो तेव्हा हे खाली ठोकाठोकीत असतात.

तुमची
वहिनी


२१ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि उघडायच्या आधी खुर्चीत बसून घेतलं. म्हटलं, दादाचं काही बरंवाईट तर नाही? आत गॅरेज निघालं. जीव भांड्यात पडला.

फोन मी सोडून दिला. कामावर दोन हरवले, तिसरा सिमेंटच्या बादलीत पडला. ज्याला गरज असते तो मुकादमाकडे निरोप ठेवतो.

आता तुमचा प्रश्न. तीस वर्षं मी लोकांच्या भिंती झाकतोय आणि हा प्रश्न मला प्रत्येक जण चुकीच्या महिन्यात विचारतो. थंडी वाजायला लागली की भिंत आठवते. वहिनी, ब्लॉकची एकेरी भिंत शरदातल्या पावसात पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यावर फोमचे बोर्ड ठोकले की ते पाणी आत कोंडतं. मग काळी बुरशी, मग कुबट वास, मग घरातल्या माणसाला खोकला. चिकटवायचा मसालाही गारठ्यात धरत नाही. नवखा होतो तेव्हा एका वाचनालयाची भिंत मी डिसेंबरात झाकली होती, साहेबाला घाई होती म्हणून. दोन वर्षांनी सगळं उपटलं तर मागची भिंत इतकी भुसभुशीत झालेली की बोट आत गेलं. तेव्हापासून कानाला खडा. एप्रिल संपता संपता ते जूनअखेर, हाच सीझन.

तरी तपासून बघा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या. भिंत कोरड्या फडक्याने पुसा आणि त्यावर तो चारी बाजूंनी चिकटपट्टीने असा लावा की फट राहू नये. दोन दिवस तसाच ठेवा. थेंब धरले तर भिंत ओली, थांबायचं. नाही धरले तर मला कळवा, मग बघू.

मेमध्ये मी स्वतः येऊन करून देईन. दादा दार उघडणार असेल तर. आई गेली तेव्हा मी एका शीतगृहाच्या कामावर होतो, जून महिना, सीझन भरात. पोचायला दोन दिवस उशीर झाला. दादा दारात उभा राहून म्हणाला, “संपला का तुझा सीझन? आता कशाला आलास?” तुम्ही मागे उभ्या होतात, तुम्ही ऐकलंत. मी बॅग खाली न ठेवताच परत फिरलो. त्याचंही खरं होतं. पण दारात म्हणायला नको होतं.

तुमचा
धाकटा


१६ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी यांस आशीर्वाद,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा भिंतीसाठी आणि एकदा तुमच्यासाठी.

तुम्ही सांगितलं तसं प्लास्टिक लावलं, मागच्या भिंतीवर, कामाच्या टेबलाच्या बाजूला. दुसऱ्याच दिवशी थेंबच थेंब. फडक्याने पुसून घेतले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा धरले. आठवडाभर रोज पुसते आहे, रोज धरतात. म्हणजे ओलीच म्हणायची ना?

ह्यांनी विचारलं, हे काय चिकटवलंस? मी म्हटलं, हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितलं, भिंतीचा ओलावा बघायला. हे बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “दुकानदाराला बरंच कळतं की.” मग मान खाली घालून बॉबिन भरायला लागले.

भाऊजी, थेंब असले तरी करता नाही का येणार? कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, चार दिवसांत करून देतो, काही होत नाही. तुमच्या शब्दाशिवाय मी त्याला हात लावू देणार नाही, पण विचारून ठेवते. आणि त्या फोमला वास येतो का? किती दिवस राहतो? अस्तर लावलेल्या भिंतीला खाट टेकवून ठेवली तर चालते का?

इकडे सगळं ठीक. ह्यांना जरा खोकला आहे.

वहिनी


२८ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार,

त्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा आणि दारातूनच वाटेला लावा. रोज पुसून रोज थेंब येतात म्हणजे भिंत गच्च भरलेली आहे. “काही होत नाही” म्हणणारे मिस्त्री मला पाठ आहेत. होतं ते दोन वर्षांनी होतं, तेव्हा हे महाशय दुसऱ्याच्या कोपऱ्यावर उभे असतात.

आणि खाट कशाला? भाडेकरू ठेवताय की काय? दादाच्या अकरा मशिनांत बिचारा झोपला तर सकाळी त्याला काजं-बटणं झालेली असतील. तुम्हा दोघांचा बेत काय आहे ते तरी कळवा. फोमला वास येतो, आठवडाभर. मेमध्ये शटर उघडं टाकलं की निघून जातो.

तोवर असं करा. शटरखाली फट असेल तिथे रबराची पट्टी लावून घ्या. टेबलाखाली जाड सतरंजी टाका, गारठा पायातून चढतो. भिंतीवर जुनी जाजमं सोडा, पण भिंतीला चिकटू देऊ नका, चार बोटं सोडून. आणि खोकल्याचं म्हणाल तर दादाला त्या मशिनच्या तेलाच्या वासात बसू देऊ नका. ऐकणार नाही, पण सांगा.

इकडे मला हिवाळाभर काम नाही. आमचा धंदाच तसा. खिडकीशी बसून चहा पितो आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीतून किती ऊब वाया चालली आहे ते मोजतो. गेल्या आठवड्यात वाटलं, उगाच तुमच्याकडे येऊन गॅरेजच्या भिंतीला एकदा हात लावून जावं. बॅग भरलीसुद्धा. मग दादाचं ते दारातलं वाक्य आठवलं. त्याने बोलावलेलं नाही, तुम्ही चोरून लिहिताय, मी कोण म्हणून उभा राहू? बॅग उपसून कपडे परत कपाटात लावले. छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि मोठ्या भावाला घाबरतो. हसा खुशाल.

तुमचा
धाकटा


११ जानेवारी

प्रिय भाऊजी,

उशीर झाला. हात मोकळा नव्हता.

रबराची पट्टी लावली. जाजमं सोडली, चार बोटं अंतर राखून. शेजारणीने दोन दिली, त्यातल्या एकावर हरणं आहेत. ह्यांना ती आवडत नाहीत, म्हणतात, सगळी माझ्याकडेच बघतात.

प्लास्टिकवर थेंब आहेतच. हल्ली जास्त. पुसायचं सोडून दिलंय.

अकरा मशिनांतली चार दिली. आता हे दिवसातून तासभर बसतात कामाला. एक पायमशीन आहे, कुणा विधवा बाईचं, तेवढं पुरं करायचं म्हणतात.

तुम्ही मेपर्यंत थांबा म्हणता. थांबते. भिंतीतलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं. मिस्त्री परवा पुन्हा आला होता. त्याला नाही म्हटलं.

(इथे दोन ओळी गिरगटून खोडल्या आहेत.)

तब्येतीला जपा.

वहिनी


२५ जानेवारी

ती. सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार,

तुम्ही खोडलेल्या दोन ओळी मी खिडकीच्या काचेवर धरून पाहिल्या. एक ‘या’ दिसला, बाकी काही लागलं नाही. तुमचं अक्षर इतकं टापटिपीचं, आणि खोडलंत ते मात्र कागद फाटेस्तोवर. काय होतं ते?

येऊ का असं विचारणार होतो, मग वाटलं, बोलवायचं असतं तर खोडलं नसतं. तुमची अडचण मला कळते. मधल्यामध्ये तुमचं सँडविच होतंय. मी त्यात भर घालत नाही.

थेंब वाढले ते थंडी ऐन भरात आहे म्हणून. फेब्रुवारीनंतर उतरतील. मी मुकादमाला आत्ताच सांगून टाकलंय की एक मे ते आठ मे मी कुणाचा नाही. बोर्ड बघून ठेवले आहेत, दोन इंची, चांगल्यातले. दादाला हे पत्र दाखवायची हिंमत झालीच तर एवढं वाचून दाखवा : यंदा सीझन असूनही पहिला नंबर त्याचा.

तुमचा
धाकटा


३ मार्च

भाऊजी,

हे गेले. एकोणीस फेब्रुवारीला, दुपारी तीनच्या सुमारास.

तुम्हाला त्याच दिवशी कळवायला मार्ग नव्हता. मुकादमाचं नाव मला ठाऊक नाही. डोकं इतकं चालेनासं झालं होतं की मी पुन्हा त्या शाळेला फोन लावला आणि सांगितलं, तुमचे दादा गेले. त्या बाई रडल्या बिचाऱ्या. त्यानंतर रोज कागद घेऊन बसत होते, आज लिहून होतंय.

फुप्फुसांचा आजार होता. ती आतून कडक होत जातात, डॉक्टर म्हणाले. ऑगस्टमध्येच कळलं होतं, आणि हेही की उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. पहिलं पत्र मी त्यानंतर लिहिलं. सगळं लिहिलं आणि हेच तेवढं लिहिलं नाही. जिना चढवेना म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून ह्यांची खाट गॅरेजमध्येच होती. वर माझ्याजवळ झोपून मरण्यापेक्षा खाली मशिनांत जगतो, म्हणाले. दिवसभर किटली चालू ठेवायची, वाफेने छाती जरा मोकळी व्हायची. मी दोन दोन कोट घालून शेजारी बसायची. हात धरला तर गार, पाय धरले तर गार. मला राहून राहून एकच वाटायचं, ह्या भिंतींना अस्तर हवं होतं.

तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. पत्रं ह्यांना सापडली होती, पिठाच्या डब्यामागे. त्याआधीच प्लास्टिक बघून ओळखलं होतं. म्हणाले, “आईच्या स्वयंपाकघरात धाकट्याने पहिल्यांदा हाच कागद लावला होता. पंचवीस वर्षांचा होता आणि डॉक्टरसारखं तोंड करून उभा होता.” मी म्हटलं, बोलावू त्याला? तर म्हणाले, “तो उशिरा आला म्हणून मी त्याला दारातून बोललो. आता मीच लवकर निघालोय, तर कुठल्या तोंडाने बोलावू?”

बॅग भरून उपसल्याचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं. म्हणाले, “परत भरेल. मेमध्ये भरेल.” आणि शेवटचं, पहिल्या नंबराचं, ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांवर हात ठेवला होता.

भाऊजी, मला तुमचा रागही येतो. तुम्ही हिवाळाभर रिकामे होतात. चहा पीत होतात, तुम्हीच लिहिलंत. मी खाटेचं विचारलं, वासाचं विचारलं, खोकला सांगितला. आणखी काय सांगायला हवं होतं? मग माझाच राग येतो. तोंड तर माझं बंद होतं.

खोडलेल्या ओळी अशा होत्या : भिंत राहू द्या, तुम्ही या. उद्याच या.

वहिनी


१४ मार्च

ती. वहिनीस,

मायन्यात ‘सौ.’ लिहून गेलो. कागद बदलला.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका घराचं माप घेऊन परतलो होतो. वाचून झाल्यावर हातात ती मोजपट्टी तशीच होती, किती वेळ ते सांगता येणार नाही. मला रडू लवकर येत नाही. आलं तेव्हा शेजारच्याने दार वाजवून विचारलं, काही पडलं का?

राग धरा. धरायलाच हवा. तीस वर्षं भिंतींना कान लावतो मी, आणि माझ्याच घरचं माणूस कागदावर खोकत होतं ते मला ऐकू आलं नाही. भाडेकरूचा विनोद केला. तो दादाने वाचला असेल.

बॅग भरून समोर ठेवली आहे. पण आता कशाला आलास असं विचारायलासुद्धा तो दारात नाही. ते तरी त्याने विचारायला हवं होतं, वहिनी. मी निमूट ऐकून घेतलं असतं.

तुम्ही सांगाल तेव्हा निघतो.

धाकटा


२७ मार्च

प्रिय भाऊजी यांस आशीर्वाद,

मेमध्ये या, ठरलं होतं तसं. एक तारखेला. आत्ता आलात तर दोघं समोरासमोर बसून रडू आणि काम व्हायचं नाही.

गॅरेज करून घ्यायचंय. ते पायमशीन अर्धवट राहिलंय. बाई परवा येऊन गेल्या, मशीन न्यायला नव्हे, मला बघायला. ह्यांच्या शेजारी बसून बसून मलाही बरंच येतं. चाळीस वर्षं शिवते आहे, मशीन कुठे कुरकुरतं ते कानाला कळतं. तुमचे दादा म्हणायचे, तुझा हात हलका आहे, फक्त स्क्रू पिळताना भांडल्यासारखा पिळतेस. सात मशिनं आहेत. मी पुरी करीन.

वहिनी


४ जून

प्रिय भाऊजी यांस आशीर्वाद,

सुखरूप पोचलात हे कळलं. इथे उन्हाचा कहर आहे आणि गॅरेजमध्ये आत गेलं की गार वाटतं. थंडीसाठी केलं आणि उन्हाळ्यालाही उपयोगी पडलं. वास पाच दिवसांत गेला. ते पायमशीन मी पुरं केलं. बाईंनी तिथेच बसून एक शिवण घालून बघितली आणि सरळ आली.

तुम्ही आठ दिवस राबलात. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. रडलो आपण, पण तेवढं तर होणारच होतं.

एक विचारायचं राहून गेलं. खरं तर धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाजमं काढलीत, मग ते प्लास्टिक काढलंत. मी चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीला तळहात लावून जमिनीवर बसला होतात. मी हाक मारली ती ऐकू गेली नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

भाऊजी, हिवाळ्यात भिंत ओली होती ना? कोपऱ्यावरचा मिस्त्री दोनदा आला होता. डिसेंबरात लावून घेतलं असतं तर निदान दोन महिने ह्यांचे हातपाय गरम राहिले असते. आजार हटला नसता, ते मला कळतं. पण गारठ्यात गेले नसते. मी त्याला दोनदा दारातून परत पाठवलं. मनात एकच धरून बसले आहे, की भिंत ओली होती, इलाज नव्हता. ते तसंच होतं ना, एवढं मला एका ओळीत कळवा.

वहिनी


९ जून (हे पत्र टाकलं नाही)

वहिनी,

भिंत कोरडी होती.

प्लास्टिक काढलं तर मागचा गिलावा पांढरा, कोरडा ठणठणीत. पाणी शिरलेल्या भिंतीवर क्षाराचे फुलोरे उठतात, चिकटपट्टी सुटते, रंगाला फोड येतात. तिथे यातलं काही नव्हतं. पट्टी सोलताना गिलावा निघून आला, इतकी ती घट्ट धरून बसली होती. ओल्या भिंतीवर ती एक आठवडा टिकली नसती. वर छपराची वळचण पुढे आलेली आहे ना, म्हणून त्या भिंतीला पाऊस लागतच नाही. घराभोवती एक चक्कर मारली असती तरी मला पाच मिनिटांत कळलं असतं.

इथे आल्यावर तुमची पत्रं पुन्हा काढली. “फडक्याने पुसून घेतले.” वहिनी, भिंतीचा ओलावा प्लास्टिकच्या मागे धरतो, भिंतीच्या अंगाला. चारी बाजूंनी बंद केलेल्या कागदाच्या मागचं फडक्याने कसं पुसता येईल? तुम्ही पुढून पुसत होता. ते थेंब खोलीतल्या हवेचे होते. किटलीच्या वाफेचे होते. दादाच्या श्वासाचे होते.

जानेवारीत वाढले म्हणालात. तेव्हा तुम्ही किटली जास्त वेळ ठेवत असणार.

ते फडक्याचं वाक्य कुणा गिऱ्हाइकाने लिहिलं असतं तर मी वाचता वाचता पकडलं असतं. तुमच्या पत्रात मी भिंत बघत नव्हतोच. दादा बोलावतो का, एवढंच शोधत होतो, आणि तो बोलावत नाही म्हणून मनात कुढत होतो. मेपर्यंत थांबायला सांगणं मला सोयीचं होतं. मे म्हणजे काम, आणि काम घेऊन आलेल्या माणसाला दारातून कुणी हाकलत नाही. कुठल्या बाजूने थेंब आहेत, हा एक प्रश्न मी विचारला नाही. तुम्ही खाट लपवलीत म्हणून किटली लपली, आणि मी बाजू विचारली नाही. नाहीतर एक डिसेंबरला मी तिथे बोर्ड कापत बसलो असतो. वासाचा फोम टाळून ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, भरली असती, पुढून लाकडी फळ्या मारल्या असत्या, आणि मधल्या काळात त्याला वर उचलून नेऊन ठेवला असता. मला उचलवला असता. मेमध्ये तुम्हीच म्हणालात, शेवटी वजनच राहिलं नव्हतं.

तो मिस्त्रीसुद्धा बरोबर होता.

हे सगळं तुम्हाला सांगून टाकलं तर माझी छाती मोकळी होईल. आणि तुम्ही उरलेलं आयुष्य त्या फडक्याकडे बघत बसाल.


१२ जून

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार,

पत्र मिळालं. पायमशीन पुरं केलंत, वा. दादाने स्क्रूबद्दल जे म्हटलं ते मात्र विसरू नका. पिळताना जरा दमाने घ्या.

इकडे सीझन जोरात आहे. पण मुकादमाला सांगून टाकलंय की यंदापासून ऑक्टोबर संपला की मी तुमच्याकडे. हिवाळाभर राहीन. वरच्या खोलीचीही उत्तरेकडची भिंत बघायला हवी, आणि मशिनं उचलून ठेवायला तुम्हाला माणूस लागेल. नको म्हणालात तरी येईन, तेव्हा नको म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी मी बोललो नाही, त्याचं मनावर घेऊ नका. दादाची खाट जिथे होती तिथेच बसलो होतो, हे बसल्यावर लक्षात आलं. मग उठवेना.

आता तुमच्या प्रश्नाचं. भिंत ओली होती. मी प्लास्टिक काढल्याबरोबर बघितलं, गिलाव्यावर सगळीकडे खुणा होत्या. डिसेंबरात त्या मिस्त्रीने ती झाकली असती तर महिन्याभरात बुरशी धरली असती आणि तिचा त्रास दादालाच सगळ्यात आधी झाला असता. त्या हिवाळ्यात कुणालाच काही करता आलं नसतं. तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, वहिनी. तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत.

तुमचा
धाकटा